अ‍ॅपचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी छोट्या व्यावसायिकांनी या चुका टाळाव्यात

तालुक्याच्या गावातील घाऊक किराणा व्यापारी आसपासच्या पन्नास-साठ दुकानांना माल पुरवत असतो. काही ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, काही फोनवर, आणि वहीत उतरवून घेताना तूरडाळीच्या एका कट्ट्याचे दोन होतात. स्वतःचे अ‍ॅप केले तर ही कटकट संपेल या विचाराने तो दोन-तीन ठिकाणांहून प्रस्ताव मागवतो. आलेले प्रस्ताव रंगीत, जाडजूड आणि बहुतांशी एकसारखे असतात. डोळ्यांत भरणारा फरक असतो तो शेवटच्या पानावरच्या रकमेत, आणि निवडही तिच्यावरच होते. काम करणारी मंडळी उद्या निघून गेली तर अ‍ॅप, त्याचा कोड आणि त्यातील माहिती यांपैकी काय आपल्या हातात राहील, हे मात्र त्या पानांत बहुधा कोणी शोधत नाही.

मोघम कामाला होकार देणे

‘युजर लॉगिन, प्रॉडक्ट कॅटलॉग, ऑर्डर मॉड्यूल, अ‍ॅडमिन पॅनेल, रिपोर्ट्स’ एवढ्या पाच शब्दप्रयोगांत निम्मा प्रस्ताव संपतो. यातील ‘ऑर्डर मॉड्यूल’ हे एकच कलम आपल्या व्यापाऱ्याच्या धंद्याला लावून पाहावे. त्याचा साखरेचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा असू शकतो. मग सकाळी नोंदवलेल्या आणि संध्याकाळी गाडीत चढलेल्या मालाला कोणता भाव लागणार? जुन्या गिऱ्हाइकाला पोत्यामागे काही रुपये कमी लावले जातात, ते अ‍ॅपला कसे कळणार? एखाद्या दुकानाची उधारी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली असेल तर ऑर्डर अडवायची, की मालकाला विचारायची? दहा कट्टे मागितले आणि गोदामात सातच निघाले, तर उरलेले तीन रद्द समजायचे की बाकी ठेवायचे? बिल टॅलीत आपोआप जाणार, की मुनीम ते पुन्हा हाताने भरणार? या प्रश्नांची उत्तरे प्रस्तावात नसतील, तर कामाच्या मध्यावर त्यातील प्रत्येक प्रश्न ‘हे मूळ कामात नव्हते’ या उत्तरासह वाढीव बिल होऊन परत येतो.

यावर उपाय सोपा आहे, पण त्यासाठी एक संध्याकाळ खर्च करावी लागते. मागील आठवड्यातील दहा खऱ्या ऑर्डर, त्यातही परत आलेल्या मालाची एक आणि अर्धवट पुरवठ्याची एक, अ‍ॅप बनवून देणाऱ्या पुरवठादारापुढे ठेवाव्यात आणि यातील प्रत्येक ऑर्डर अ‍ॅपमधून कशी जाईल ते टप्प्याटप्प्याने लिहून मागावे. जो पुरवठादार हे लिहिण्यापूर्वी उलट चार प्रश्न विचारतो, त्याचा प्रस्ताव थोडा महाग असला तरी आधी वाचावा. मालाची यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती युनिकोडमध्ये आणण्याचे काम कोणाकडे, हेही त्याच कागदावर यावे. अन्यथा अ‍ॅपमध्ये ‘शेंगदाणा’च्या जागी न वाचता येणारी अक्षरे दिसतात.

प्ले स्टोअरचे खाते पुरवठादाराच्या नावावर ठेवणे

‘खात्याची काळजी करू नका, आमचे आहे’ हे वाक्य ऐकायला सोयीचे वाटते. परंतु पुरवठादाराच्या खात्यावर अ‍ॅप प्रसिद्ध करणे म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर घर बांधणे होय. संबंध बिघडले की अपडेट थांबते. गुगल प्लेच्या विकासक खात्याचे शुल्क २५ डॉलर आहे आणि ते एकदाच भरावे लागते. अ‍ॅपलचे ९९ डॉलर आहे आणि ते दरवर्षी भरावे लागते. लाखांच्या कामात ही बचत करण्यात अर्थ नाही.

खाते काढायला मात्र वेळ लागतो, आणि ‘तीस दिवसांत लाइव्ह’ असे लिहिणारे प्रस्ताव तो वेळ धरत नाहीत. व्यवसायाच्या नावाने खाते काढायचे तर डन अँड ब्रॅडस्ट्रीट या संस्थेचा डी-यू-एन-एस हा व्यवसायाची ओळख पटवणारा क्रमांक लागतो. वैयक्तिक खाते काढले आणि ते १३ नोव्हेंबर २०२३ नंतरचे असेल, तर अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ परीक्षकांनी सलग १४ दिवस चाचणीत सहभागी राहावे लागते. करार होण्याची वाट न पाहता खात्याचे काम आधीच सुरू करणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते. ओटीपीच्या एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीवर जी नोंदणी करावी लागते, तीही व्यापाऱ्याच्याच नावाने असावी, आणि सर्व्हर व फायरबेस (अ‍ॅपची माहिती साठवणारी गुगलची सेवा) यांची खातीही.

‘पैसे दिले म्हणजे कोड आपला’ असे गृहीत धरणे

हा समज सर्वांत महाग पडतो. स्वामित्वहक्क (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार सॉफ्टवेअरचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ती तयार करणारा, किंवा त्याला नोकरीवर ठेवणारी कंपनी असते. पैसे देऊन बाहेरून काम करवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती मालकी आपोआप येत नाही. ती लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित करून घ्यावी लागते, असे कलम १९ सांगते. त्याच कलमानुसार हस्तांतराचा कालावधी लिहिलेला नसेल तर तो ५ वर्षांचा मानला जातो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ‘सोर्स कोड दिला जाईल’ या वाक्याने फार तर फाइली मिळतात, हक्क मिळत नाही. करारात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द स्पष्ट असावा, आणि पुरवठादाराची जी आधीपासूनची तयार साधने अ‍ॅपमध्ये वापरली जातील ती निदान वापरत राहण्याचा परवाना तरी नमूद असावा.

फाइली मिळाल्यावरही तपासणी संपत नाही. केवळ मोबाइलकडचा कोड झिप करून पाठवला जातो आणि सर्व्हरचा कोड, डेटाबेसची रचना व आवश्यक पासवर्ड मागेच राहतात, असे वारंवार घडते. कामाशी संबंध नसलेल्या तिसऱ्या माणसाने त्या फाइलींवरून अ‍ॅप तयार करून चालवून दाखवले, तरच कोड मिळाला असे मानावे, आणि शेवटचा हप्ता या चाचणीलाच बांधावा. हप्त्यांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी: ‘डिझाइन मंजूर झाल्यावर ४० टक्के’ अशी अट चित्रांसाठी मोठी रक्कम देते, म्हणून मधले हप्ते आपल्या फोनवर प्रत्यक्ष चालणाऱ्या भागांशी जोडलेले असावेत.

चालू खर्च न विचारणे

प्रस्तावातील रक्कम ३ लाख असेल आणि खाली बारीक अक्षरांत ‘कर वेगळा’ असेल, तर १८ टक्के जीएसटीचे ५४,००० रुपये वाढतात. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याचे इनपुट क्रेडिट घेता येते, म्हणजे ही रक्कम स्वतःच्या देय करातून वजा करता येते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ते मिळत नाही आणि पूर्ण रक्कम त्याच्या खिशातून जाते. याशिवाय सर्व्हर, एसएमएस आणि नकाशा यांचे खर्च वापरानुसार येत राहतात. ते पन्नास गिऱ्हाइकांना किती आणि पाचशेंना किती, हे आकड्यांत मागावे. अ‍ॅप निदान कोणत्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी तयार केलेले असावे, ती पातळी गुगल प्ले दरवर्षी वाढवते (३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅप्सना आणि अपडेट्सना अँड्रॉइड १५ ची अट लागू झाली), त्यामुळे देखभालीचा करार केला नाही तर काहीही न बिघडता अ‍ॅप मागे पडते. देखभालीत हे वार्षिक काम धरले आहे का, ते नावानिशी विचारावे.

उलट काही खर्च मुळातच टाळता येतात. पन्नास किराणा दुकानदारांपैकी आयफोन वापरणारे दोन-चारच असतील तर पहिल्या वर्षी आयफोनची आवृत्ती नको. उधारीवर चालणाऱ्या घाऊक धंद्यात पेमेंट गेटवे, म्हणजे अ‍ॅपमधूनच पैसे भरण्याची सोय, हाही सुरुवातीला अनावश्यक असतो, कारण वसुली यूपीआयने किंवा चेकने होतच असते. किंबहुना फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारे साधे संकेतस्थळ पुरेल का, हा प्रश्न प्रत्येक पुरवठादाराला विचारावा; त्यावर तो काय कारणे देतो, यावरून त्याची पारख होते.

गिऱ्हाइकांची नावे व फोन क्रमांक साठवले की वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा लक्षात घ्यावा लागतो. त्याखालील मुख्य जबाबदारी पुरवठादारावर नव्हे, तर ज्याच्यासाठी ती माहिती गोळा होते त्या व्यावसायिकावर येते.

चूक आधीच झाली असेल तर

अ‍ॅप पुरवठादाराच्या खात्यावर असेल तर घाईने दुसरे अ‍ॅप काढू नये. नव्या अ‍ॅपला जुने डाउनलोड आणि अभिप्राय मिळत नाहीत आणि प्रत्येक दुकानदाराला ते पुन्हा उतरवून घ्यावे लागते. गुगल आणि अ‍ॅपल दोघेही एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर अ‍ॅप हस्तांतरित करू देतात. आधी स्वतःचे खाते काढून त्याची पडताळणी पूर्ण करावी. गुगलच्या अर्जात नव्या खात्याच्या नोंदणी शुल्काचा व्यवहार क्रमांक मागितला जातो, त्यामुळे ती पावती जपून ठेवावी. अर्ज जुन्या खात्यातूनच करावा लागतो, म्हणजे पुरवठादाराचे सहकार्य हवेच. म्हणून त्याची थकबाकी शिल्लक असेल तर ती हस्तांतर पूर्ण झाल्याच्या दिवशी देण्याचे लेखी ठरवावे, आणि तत्पूर्वी डेटाबेसची संपूर्ण प्रत मागून ती उघडते का हे पाहावे.