जोधपूर-जैसलमेरकडं बदली झालीय? मे ते जुलै असा काढा

थारचा उन्हाळा म्हटलं की सगळे फलोदीचंच नाव काढतात, १९ मे २०१६ ला तिथं ५१ डिग्री नोंदलं गेलं होतं आणि तेव्हापासून आमचे मामा दर मे महिन्यात फोन करून "काय रे, भाजलास का" विचारतात. पण इकडं चार उन्हाळे काढल्यावर माझं मत असं झालंय की कोरडे ४६ परवडले, दमट ४० नको. मे छळतो पण उघडउघड छळतो. खरा घात होतो जूनच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत, आकडा उतरलेला दिसतो, माणूस ढिला पडतो, पाणी कमी पितो, आणि तेव्हाच आडवा होतो. म्हणून तयारी दोनदा करायची.

आधी कूलर. नागपूर-अकोल्याच्या मंडळींनी हा पॅरा सोडून द्या, तुम्हाला कूलर शिकवणारा मी कोण. मुंबई-पुण्याकडून आलेले काय करतात, कूलर खोलीच्या मधोमध ठेवतात, दारंखिडक्या गच्च लावतात आणि अर्ध्या तासात म्हणतात कूलर फालतू आहे. अहो, पॅडमधल्या पाण्याची वाफ होते म्हणून हवा गार होते, मग त्याला बाहेरची कोरडी हवा ओढायला मिळाली पायजे आणि आतल्या ओल्या हवेला जायला वाट पायजे. खिडकीला बाहेरून बसवा, समोरचं दार चार बोटं उघडं ठेवा, बास. इथलं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट, पॅडवर पांढरा थर चढतो, म्हणून तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून भरायची, नुसतं वरून ओतत राहिलात तर क्षार साठत जातो.

पाण्याचं म्हणाल तर घर बघताना भाड्याच्या आधी टांका केवढा आहे ते विचारा. टांका म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, जुन्या घरांत असतेच. इंदिरा गांधी कालवा ऐन उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, त्याला इथं नहरबंदी म्हणतात, तेव्हा नळाला एक दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येतं आणि ज्याचा टांका मोठा तो निवांत.

बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. सैल सुती फुल बाह्या, आणि डोक्याबरोबर कानही झाका. खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही म्हणतात, तो खिशात ठेवून काही होत नाही, जेवणात खा. ताक तर हवंच, पण बाजरीचं पीठ ताकात शिजवून करतात ती राबडी प्यायला शिका, आपल्या आंबिलीची सख्खी बहीण आहे, सकाळी एक वाटी घेतली की दुपारपर्यंत पोट शांत.

चक्कर, पायात गोळे, मळमळ एवढंच असेल तर सावलीत आडवं व्हा आणि एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जातोय, अंग चटका बसेल इतकं तापलंय तर तो उष्माघात. लगेच १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहा, वरून पंखा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथं उपयोगाची नाही, हा तो ताप नव्हे.

२५ मे च्या आसपास सूर्य रोहिणीत गेला की नौतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू. आपल्याकडं रोहिणीत सरी आल्या की लोक खूश, इथले म्हातारे मात्र तोंड वाकडं करतात, नौतपा गळाला, म्हणजे त्यात पाऊस पडला, की पुढचा पाऊस बिघडला असा हिशोब. त्याच सुमारास आंधी येते. ढगातून पडणारं पाणी कोरड्या हवेत वाटेतच उडून जातं, हवा गार आणि जड होऊन खाली आदळते आणि जमिनीवरची वाळू उचलून भिंतीसारखी पुढं ढकलते. क्षितिज पिवळं-काळं दिसलं की गच्चीवरचे कपडे, गाद्या आत घ्या, कूलर बंद करा नाहीतर पॅडमध्ये चिखल. गाडीत असाल तर रस्त्यावर थांबू नका, गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली उतरवून थांबा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप टाकून ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर सांगतं.

मग जूनच्या मध्यापासूनची ती उमस, म्हणजे दमट उकाडा. कूलर लावला की अंग चिकट होतं कारण हवेतच ओल आहे, पाणी उडणार कुठं? पंप बंद करून नुसता पंखा चालवा, आणि टाकी कोरडी करून ठेवा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच. घामही सुकत नाही म्हणजे अंग गार होत नाही, त्यामुळं मेमधला दुपारचा नियम अजिबात सोडायचा नाही, थर्मामीटर काहीही म्हणो.

या दिवसांत, पाऊस यायच्या आधीच, गच्ची झाडून घ्या, पन्हाळी मोकळ्या करा. गावात टांक्याभोवतीचं अंगण, त्याला आगोर म्हणतात, ते याच वेळी साफ करतात. पहिल्या पावसाचं पाणी टांक्यात जाऊ द्यायचं नाही, धूळ आणि कबुतरांची घाण वाहून जाऊ दे. मान्सून इकडं साधारण जुलैच्या सुरुवातीला पोचतो, जैसलमेरला वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणून लोक सखल जागी, कोरड्या नाल्यात घरं बांधून टाकतात. बाडमेरजवळचं कवास ऑगस्ट २००६ मध्ये बुडालं ते असंच, जमिनीखाली जिप्समचा थर, पाणी मुरेना, गाव कितीतरी दिवस पाण्यात. घर घेताना म्हाताऱ्यांना विचारा की पाणी कुठून वाहतं.

आणि साप. पहिल्या सरीनंतर बिळांत पाणी शिरतं आणि बांडी, म्हणजे आपलं फुरसं, बाहेर येतं. दुसरा पीवणा, लोक म्हणतात तो झोपलेल्याचा श्वास पितो, खरं म्हणजे तो मण्यारीच्या जातीचा आहे, रात्री चावतो आणि चावलेलं कळतही नाही, सकाळी पोटात दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात. जमिनीवर झोपू नका, खाट आणि मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेल्या. बूट झटकून घाला. चावलाच तर भोप्याकडं, म्हणजे मांत्रिकाकडं, नाही, सरळ सरकारी दवाखान्यात, आणि तिथं प्रतिविष आहे का हे आजच विचारून ठेवा.