कौशी फुलायच्या आत जाळरेषा मारा

पाटण, जावळी, महाबळेश्वर, इकडं शिराळ्याच्या वरच्या अंगाला ज्यांनी डोंगरउतारावर दुर्मीळ झाडांची राई उभी केली आहे, त्यांच्यासाठी माघ-फाल्गुनाचा हा सल्ला. आधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत-पाला काढलेला मोकळा पट्टा, मारून घ्या. बाकीची कामं आठ दिवस मागं पडली तरी झाडं वाट बघतात, वणवा बघत नाही.

पाण्यावाचून किंवा किडीनं गेलेली झाडं मी पाहिली आहेत, पण सगळ्यात जास्त गेली ती आगीत. नरक्या, सीता-अशोक, धूप अशी रोपं चार-पाच पावसाळे जीव लावून वाढवायची आणि फाल्गुनातल्या एका दुपारी तासाभरात राख. वर ठिबकच्या नळ्या वितळतात तो खर्च वेगळा. कारण दर वेळी तेच: बांधावरचं गवत कापायचं राहिलं, ‘शिमगा झाल्यावर बघू’ म्हणून. राज्यात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. म्हणजे रेषा त्याआधी तयार हवी. परतीचा पाऊस लांबलेल्या वर्षी गवत छातीला लागतं, त्या वर्षी तर एक दिवसही ढकलू नका.

माझी खूण कौशीच्या झाडाची आहे. पानं झडलेल्या कौशीवर शेंदरी फुलांचे घोस दिसले की आठवड्याभरात डोंगराचं गवत पायाखाली कडकडायला लागतं. हे कुठल्या शिफारशीत नाही, आपला रानातला अंदाज. पण कौशी फुललेली दिसली आणि रेषा झालेली नसेल, तर त्या दिवशी दुसरं काम हातात घेऊ नका.

रेषा सपाटीला दहा फूट रुंद पुरते. उताराच्या खालच्या बाजूला मात्र पंधरा-वीस फूट ठेवा, कारण आग चढाला पळते आणि खालूनच येते. गवत जमिनीलगत कापा, वैरण म्हणून घरी न्या, राहिलेला पाला खराट्यानं झाडून माती उघडी करा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा झाडायचं, कारण फाल्गुनात पानगळ सुरूच असते आणि वाळक्या पानांनी भरलेल्या रेषेवरून आग आरामात पलीकडे जाते. रेषा जाळून काढायची पद्धत आहे, ती चार माणसं आणि पाण्याचा टँकर जवळ असल्याशिवाय करू नका. शेजारी वनहद्द असेल तर वनरक्षकाला सांगितल्याशिवाय काडी ओढायचीच नाही. भारतीय वन अधिनियम 1927 खाली तो गुन्हा आहे.

दुकानदार सांगेल, कापायची मजुरी कशाला, तणनाशक मारा. मारू नका. फवारलेलं गवत उभ्यानं वाळतं आणि जागेवरच राहतं. पैसे मोजून आपणच जळण तयार करून ठेवल्यासारखं आहे ते.

कराड-वाळव्याकडच्यांनी उसाच्या पाचटाकडं बघावं. राईला लागून खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) असेल तर दुपारच्या वाऱ्यात पेटवलेलं पाचट थेट झाडांत येतं. पाचट सरीत दाबून कुजवा. शिफारस हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू अशी आहे. शेजाऱ्यालाही हे सांगा, भांडण होण्याआधी.

प्रत्येक रोपाभोवती दीड हाताचं आळं मोकळं हवं. राईतला पालापाचोळा गोळा करून जाळू नका, तो झाडांचं अन्न आहे. फक्त खोडापासून मागं सरकवा आणि मध्ये मध्ये मोकळे पट्टे सोडा. कुंभा, पळस जाड सालीचे, ते आगीतून उठतात. म्हणूनच दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर शेवटी तेच दिसतात. सीता-अशोक ओढ्याकाठच्या ओलीतलं झाड, त्याला आगीची सवय नाही. नरक्याच्या लाकडातून कॅन्सरच्या औषधासाठी कॅम्प्टोथेसिन काढतात, त्या पायी रानातली झाडं आधीच तुटली आहेत. तुमच्या राईतलं एकेक राखा.

सीता-अशोकाची आणखी एक गोष्ट. आता त्याला तांबूस, मऊ, मरगळल्यासारखी लोंबणारी नवी पालवी येते. ती तशीच असते. पंधरवड्यात हिरवी होऊन ताठ होते. एका शेतकऱ्याला याच पालवीचा फोटो बघून ‘मूळ सडतंय’ म्हणत टॉनिक, ह्युमिक आणि बुरशीनाशक असा संच विकलेला मी पाहिला आहे. झाडाला काहीच झालं नव्हतं. (आसुपालव हे दुसरंच शोभेचं झाड ‘अशोक’ म्हणून खपवतात ते निराळंच.)

बाकी नेहमीची कामं:
– लहान रोपांना आठ-दहा दिवसांनी पाणी, संध्याकाळी
– खोडाच्या पश्चिमेकडच्या बाजूला चुना
– वाळवीची माती खरवडणे
– अंजनी, ताम्हण यांची छाटणी आता नको
– कुंपणाच्या वाळक्या काट्या रेषेपासून दूर

एवढं करूनही आग आलीच, तर धूर दिसताक्षणी वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा, मग फांद्यांचे झोडपे घेऊन बाजूनं विझवा. आगीच्या वरच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही.

जळालेलं झाड लगेच तोडू नका. नखानं साल खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. भाजलेल्या खोडाला बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या भांड्यात वेगवेगळं भिजवून एकत्र करायचं आणि त्याच दिवशी वापरायचं. वर सगळं काळं पडलं असलं तरी श्रावणापर्यंत थांबा. नरक्या बुंध्यातून फुटतो. धुमारे आले की दोन जोमदार ठेवून बाकीचे काढा, आणि त्या बुंध्याभोवतीचं गवत तेव्हाच, पावसाळ्यातच कापायला घ्या.