पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलला आणि ऑइल पाझरणं थांबलं

गाडी उभी असताना आरपीएम वरखाली व्हायचा आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेने ऑइल पाझरायचं. ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर गॅस्केटच्या (झाकणाखालच्या सीलच्या) मागे लागण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधला गॅस बाहेर काढणारी झडप, बघावा, असं माझं ठाम मत आहे. पिस्टन रिंगांना चुकवून खाली उतरलेला गॅस याच वाटेने परत इनटेकमध्ये ओढला जातो. वाट चोंदली की क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) दाब साठतो आणि ऑइल सीलमधून बाहेर येतं.

व्हॉल्व्ह शोधायला इनटेक मॅनिफोल्डपासून (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांपासून) टॅपेट कव्हरकडे जाणारा रबरी होज धरून गेलो. ब्रेक बूस्टरचा होजही मॅनिफोल्डवरूनच निघतो, गल्लत नको. माझ्या गाडीत हा व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरवर ग्रॉमेटमध्ये (रबरी कड्यात) बसवलेला होता. (काही इंजिनांत तो कव्हरमध्येच असतो, मग बहुधा अख्खं कव्हर बदलावं लागतं.)

इंजिन चालू ठेवून व्हॉल्व्ह उपसला, तोंडावर अंगठा धरला. ओढ जवळजवळ नव्हतीच. इंजिन बंद करून कानाशी हलवला, तर चांगल्या व्हॉल्व्हसारखी खुळखुळही नाही; आत डिंकासारखा काळा थर.

खरं जपायचं ते ग्रॉमेट. उष्णतेने ते कडक होऊन तुटतं, म्हणून थंड इंजिनवर पकडीने हळूहळू काढलं, तुकडा आत पडू दिला नाही. नव्याला ऑइलचं बोट लावलं की ते सहज बसतं. व्हॉल्व्ह पार्ट नंबर जुळवूनच घ्या, आतली स्प्रिंग इंजिनानुसार वेगळी असते.

आयडलिंग लगेच स्थिर झालं. कव्हरची कड पुसून ठेवली होती, ती अजून कोरडी आहे.