जन्माचं घर शोधायचंय? फाईल उघडायच्या आधी आठवणी लिहून काढा

गेली काही वर्षं अशा शोधात मी बऱ्याच जणींसोबत फिरलेय. कुणी लहानपणी स्टेशनवरून उचललेली, कुणी "मुंबईत चांगलं काम लावून देते" म्हणून गावातल्याच बाईने नेलेली, कुणी संस्थेतून परदेशात दत्तक गेलेली आणि पंचविशीत कळलेलं की कागदावर लिहिलंय तसं काही घडलंच नव्हतं. मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकते, लांबलंय, जमेल तसं वाचा.

पहिलं काम म्हणजे एक वही घ्या आणि आठवतंय ते सगळं लिहा. कागदपत्रं बघायच्या आधी, कुणाशी बोलायच्या आधी. एकदा फाईल वाचली की डोकं फाईलसारखं आठवायला लागतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शब्द जसा कानात आहे तसाच लिहायचा, चुकीचा वाटला तरी दुरुस्त करायचा नाही. सरू ब्रायर्लीचं उदाहरण घ्या. १९८६ मध्ये खांडव्याचा पाच वर्षांचा पोरगा बुऱ्हाणपूरला गाडीत चढला, झोपला आणि पार हावड्याला पोचला, तिथून दत्तक जाऊन ऑस्ट्रेलियात वाढला. त्याच्या डोक्यात स्टेशनचं नाव होतं "बेरमपूर", वस्तीचं नाव "गिनेस्टले", आणि स्वतःचं नाव सरू, जे मुळात शेरू होतं. कुणा शहाण्याने "अरे ते ओडिशातलं बरहमपूर असणार" म्हणून दुरुस्त करून दिलं असतं तर बसला असता तिकडेच शोधत. त्याने काय केलं तर गूगल अर्थवर हावड्यापासून रूळ धरून मागे मागे बघत गेला, आणि २०११ मध्ये स्टेशनजवळची पाण्याची टाकी ओळखीची दिसली. गिनेस्टले म्हणजे खांडव्यातली गणेश तलाई निघाली.

"तुला काय आठवतं?" असं मोघम विचारलं की बहुतेक जणी "काहीच नाही" म्हणतात. म्हणून बारीक बारीक विचारा. आईला हाक काय मारायचीस? माय असेल तर विदर्भ-मराठवाडा, बय असेल तर कोकण किनारा, याडी म्हणजे बंजारा तांडा, अव्वा म्हणजे कन्नड बोलणारं घर, आयो असेल तर झारखंडकडचं आदिवासी घर असू शकतं, आणि तिकडून कामाच्या नावाखाली मुली दिल्ली-मुंबईला आणतात हे काही नवीन नाही. जत्रेत काय उधळायचे? गुलाल असेल तर जोतिबाकडे बघा, पिवळा भंडारा असेल तर खंडोबा किंवा यल्लम्मा. भाकरी कशाची होती, कळण्याची की तांदळाची? गाडी खेळण्यासारखी छोटी होती का, कारण बार्शीकडे आणि यवतमाळकडे तेव्हा नॅरोगेज होती. हातावर गोंदण आहे का, अंगावर कुठे भाजल्याचा डाग आहे का. एकेका गोष्टीने काही सिद्ध होत नाही, पण तीन-चार एका जागी आल्या की नकाशा लहान होतो.

एका मुलीची फाईल म्हणत होती, मुंबईत जन्म, कुमारी माता, स्वखुशीने सोडलं. तिला आठवत होतं काय, तर सगळ्यांची कपाळं पिवळी, आईला अव्वा, आणि भाकरी मोडताना टक्कन आवाज यायचा. आता सोलापूर-अक्कलकोटकडच्या माणसाला हे सांगितलं की तो लगेच म्हणतो, अहो ही आमची कडक भाकरी! फाईलवर विसंबून आम्ही सात महिने मुंबईतली जुनी हॉस्पिटलं धुंडाळली होती, ते सात महिने गेलेच. म्हणून सांगते, वही आधी.

आता कागद. दत्तक गेलेली असाल तर संस्थेकडे जाण्याआधी कोर्टात जा. जुन्या काळी परदेशी दत्तक म्हणजे १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली पालकत्वाचा हुकूम घेऊन मूल नेत, म्हणजे जिल्हा कोर्टात नाहीतर हायकोर्टात त्याची फाईल असते. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे निकालानंतर (परदेशी दत्तकाचे नियम घालून देणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल) तर त्यात मुलाची माहिती, संस्थेचं अॅफिडेव्हिट, स्क्रूटिनी एजन्सीचा म्हणजे कोर्टासाठी प्रकरण तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट असं बरंच काही असतं. नक्कल विभागात सर्टिफाईड कॉपीचा अर्ज करा. संस्थेतलं रेकॉर्ड "पुरात गेलं", "वाळवीने खाल्लं" असं ऐकायला मिळतं (इतकी वाळवी मी शेतातपण नाही बघितली), कोर्टाच्या कॉपीपुढे ते चालत नाही.

कॉपी हातात आली की संशयाने वाचा. आईने मूल सोडल्याचा कागद ज्या स्टॅम्पपेपरवर आहे तो विकत घेतल्याची तारीख मागच्या बाजूला असते, ती सहीच्या नंतरची असेल तर समजून जा. दोन-तीन वेगवेगळ्या मुलांच्या कागदावर एकच साक्षीदार, एकच अक्षर, तोही इशारा. जन्मतारीख १ जून असेल तर ती शाळेत घालताना लावलेली धरून चाला, आपल्याकडे अर्धा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मलाय. आजच्या कायद्यात आईवडिलांना मूल दिल्यावर विचार बदलायला ६० दिवस मिळतात आणि सापडलेल्या मुलाच्या घरच्यांचा शोध घेतल्याशिवाय बालकल्याण समिती त्याला दत्तकासाठी मोकळं करत नाही, पण जुन्या फाईलीत हे सगळं एका आठवड्यात उरकलेलं दिसलं तर तिथे बोट ठेवा.

त्याबरोबरच कारा म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे रूट सर्चचा म्हणजे जन्माचं मूळ शोधण्याचा अर्ज टाका. १८ पूर्ण असतील तर स्वतः करता येतो, लहान असाल तर दत्तक आईवडिलांसोबत. २०२२ च्या नियमांप्रमाणे एजन्सीने मदत करायची आहे, पण जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते, ती नाही मिळाली तर निदान कोणत्या परिस्थितीत सोडलं ते तरी सांगावं लागतं. तिसऱ्या माणसाला रूट सर्च करू देत नाहीत. त्यामुळे "दोन लाख द्या, आई शोधून देतो" म्हणणारा भेटला की त्याला हात जोडा. असे लोक एखादी गरीब बाई आई म्हणून उभी करतात, रडतातपण.

दत्तक नाही, नुसतंच पळवून नेऊन विकलेलं असेल तर रस्ता पोलिसातून जातो. २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून मूल हरवलं की गुन्हा नोंदवावाच लागतो, त्याआधी मात्र नुसती मिसिंगची नोंद करून ठेवत. म्हणून ज्या पट्ट्यावर वहीने बोट ठेवलंय तिथल्या पोलीस ठाण्यांत त्या वर्षाचं मिसिंग रजिस्टर बघायची लेखी विनंती करा आणि जिथे वाढलात तिथेही अर्ज द्या, दोन्ही टोकांनी. जिल्ह्याच्या मानवी तस्करी विरोधी पथकाला कॉपी द्या. आणि गावातल्या शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका, दुसरीत नाव असून तिसरीत गायब झालेली पोरगी तिथे सापडते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील देतं, १५१०० वर फोन करा.

डीएनएबद्दल फार आशा ठेवू नका. परदेशी कंपन्यांच्या डेटाबेसमध्ये आपल्या खेड्यापाड्यातले लोक कमीच, त्यामुळे येतो तो लांबचा चुलतभाऊ, तोही कॅनडात. डीएनए खरा उपयोगी पडतो शेवटी, समोर एक बाई आहे आणि खात्री करायचीय तेव्हा. ती टेस्ट केल्याशिवाय आई म्हणून मिठी मारू नका असं मी सांगते, ऐकत कुणी नाही ते सोडा.

सोशल मीडियावर व्हिडीओ टाकायचा असेल तर टाका, कामाला येतो. चीनमधली यांग न्यूहुआ लहानपणी पळवून विकली गेली होती, २०२१ मध्ये तिने व्हिडीओ टाकला आणि थोड्याच दिवसांत घरचे सापडले. पण आईवडील कधीच वारले होते. मनाची तयारी तेवढी ठेवा. आणि एक गोष्ट कध्धीच जाहीर करू नका. डाग, शेळीचं नाव, अंगाईतला एखादा शब्द, काहीतरी एक स्वतःजवळ ठेवायचं. आमच्या त्या कडक भाकरीवाल्या मुलीने डाव्या टाचेवरची विळीची खूण कुणाला सांगितली नव्हती. तीन बायका आई म्हणून फोनवर आल्या, टाचेबद्दल एकीलाही माहीत नव्हतं.

घर सापडलं असं वाटलं की स्वतः दारात जाऊन उभं राहू नका. आईचं नंतर लग्न झालं असेल, सासरी माहीत नसेल, तुमची गाडी गावात शिरली की संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. आधी एखादी जाणती बाई पाठवा, तीही आईला एकटीला गाठून बोलणारी, बाजारच्या दिवशी तालुक्याला भेटली तर उत्तम. "नको" म्हणाली तर नंबर ठेवून यायचं आणि थांबायचं. सहा महिन्यांनी फोन आलेला मी बघितलाय.

तक्रार करायची की नाही हे भेटीनंतर ठरवा, पण उशीर झाला म्हणून सोडू नका. अपहरण, तस्करी यांच्यासारख्या तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत संपायची भानगड नसते. जुन्या गुन्ह्याला तेव्हाचं आयपीसी म्हणजे भारतीय दंड संहिता लागते, १ जुलै २०२४ पासूनच्याला भारतीय न्याय संहिता. यांगनेही घर सापडल्यावर तक्रार दिली, आणि जिने तिला विकलं त्या बाईने आणखी कितीतरी मुलं विकली होती ते त्यातून बाहेर आलं. आईने पैशासाठी विकलं असं निघालं तर मात्र वकिलाशी बोलल्याशिवाय एक ओळही लिहून देऊ नका, आणि "आईने विकलं" हे दलालाच्या तोंडून ऐकलं असेल तर मुळीच खरं धरू नका.

भेटीला जाताना भाषा येत नसेल तर दुभाषी न्या, पण त्याच गावचा नको. त्या मुलीच्या वेळी आम्ही अक्कलकोटची एक बाई नेली होती, तिला फारसं काही करावंच लागलं नाही. म्हातारीने आधी पोरीच्या तोंडाकडे बघितलंच नाही, खाली बसून तिची डावी चप्पल काढली आणि टाच उलटी करून बघितली. त्यानंतर अर्धा तास कुणीच काही बोललं नाही. अशा वेळी तुम्ही सोबत गेला असाल तर बाहेर जाऊन चहा प्या, फोटो काढत बसू नका. आणि परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका, तसंच आठ दिवसांनंतरचंही नको, दोन रात्री पुरतात, त्यातली एक लॉजवर.