जळकी पानं, लुकडी रोपं: उजेडाच्या या चुका टाळा

एप्रिल उजाडला की पांढरे चट्टे पडलेल्या पानांचे फोटो माझ्याकडे येऊ लागतात आणि खाली ठरलेला प्रश्न: "कोणतं औषध मारू?" काहीच मारू नका. पान उन्हाने भाजलंय.

ओळखीच्या एका गृहस्थांनी बंद काचेच्या खिडकीत टोमॅटो-मिरचीची रोपं केली. दिसायला गर्द हिरवी, झकास. मग एका रविवारी सगळे ट्रे गच्चीवर नेले, तेही सकाळी अकराला. संध्याकाळी पानं लोळलेली, दुसऱ्या दिवशी कागदासारखे पांढरे डाग. त्यावर भर दुपारी निंबोळी तेल आणि वर "ताकद यावी" म्हणून १९:१९:१९ हे रासायनिक खत. बहुतेक रोपं गेली. दोष अर्थातच बियाण्याला!

खिडकीत जेमतेम काही हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, उघड्या गच्चीवर दुपारी सुमारे १ लाख. एवढ्या उजेडातला थोडाच भाग पान प्रकाशसंश्लेषणात वापरू शकतं. बाकीची ऊर्जा उष्णता करून सोडून द्यावी लागते. त्यासाठी पानात झिआझँथिन हे पिवळं रंगद्रव्य मिनिटांत तयार होतं. निळ्या प्रकाशाने फोटोट्रोपिन हे प्रकाशग्राही जागं होतं आणि हरितलवकं (पेशीतले प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे कण) पेशीच्या कडेच्या भिंतींना सरकून थेट उजेडातून बाजूला होतात. तरीही भार जास्त झाला तर प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतलं डी-१ हे प्रथिन दुरुस्तीपेक्षा वेगाने तुटतं आणि प्रकाशसंश्लेषण मंदावतं.

खरी गोम काचेत आहे. २८० ते ३१५ नॅनोमीटरची अतिनील-बी किरणं ओळखणारं यूव्हीआर-८ नावाचं प्रकाशग्राही पानात असतं. त्याच्या इशाऱ्यावर पान वरच्या सालीत फ्लेव्होनॉइड्स ही अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं साठवतं. खिडकीची काच ही किरणं जवळपास सगळी अडवते. म्हणजे त्या रोपांना बाहेरच्या उन्हाची वर्दीच मिळाली नव्हती.

मी रोपं ढगाळ दिवशी बाहेर काढते. ढगाळ दिवस नसेल तर पहिले दोन-तीन दिवस फक्त सकाळचं कोवळं ऊन, मग रोज तासभर वाढवत आठ-दहा दिवस. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारणाऱ्यांनी नर्सरीतून हार्डनिंग केलेली, म्हणजे बाहेरच्या उन्हाला सरावलेली रोपं आणावीत, पैसे वाचतील. सावलीत तयार झालेलं जुनं पान उन्हाचं पान होत नाही, नवी पालवीच तशी येते. म्हणून भाजलेली पानं लगेच ओरबाडू नका. हिरवा उरलेला भाग नवी पालवी येईपर्यंत कामाला येतो.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे दाट पेरणी. ट्रेच्या एका कप्प्यात चार-चार बिया टाकायच्या, उपटायला जीव होत नाही म्हणून सगळ्या ठेवायच्या आणि रोपं उंच, लुकडी झाली की "ऊन कमी पडतंय" म्हणायचं. ऊन भरपूर असतं. शेजारची पानं लाल प्रकाश शोषतात आणि अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) परतवतात. हे बदललेलं प्रमाण फायटोक्रोम हे प्रकाशग्राही ओळखतं आणि सावली पडायच्या आधीच खोड लांबवायला लावतं. उपाय विरळणी. दोन खरी पानं दिसली की जादा रोपं मी कात्रीने कापते, उपटत नाही, कारण शेजारणीची मुळं हलतात.

नुसत्या लाल एलईडीवर रोपं वाढवू नका. काकडीसारख्या पिकात निळा अजिबात नसेल तर प्रकाशसंश्लेषणाची ताकदच खालावते. थोडासा निळाही ती सावरतो. साधा पांढरा दिवा घ्या, त्यात निळा असतोच. आणि तो चोवीस तास चालू ठेवू नका, टोमॅटोची पानं पिवळी पडतात.

लक्समीटरच्या ॲपवर विसंबून दिवा विकत घेऊ नका. लक्स माणसाच्या डोळ्याचं माप आहे, रोपाला किती उजेड मिळतो ते त्यातून नीट कळत नाही.

आंब्याची तांबूस पालवी बघून बुरशीनाशक फवारू नका. तो रंग कोवळ्या पानाला उन्हापासून सांभाळतो, पान जून झालं की आपोआप हिरवं होतं.