गोंडी येते म्हणून: व्यसनोपचारात येऊ पाहणाऱ्या आदिवासी रेसिडेंटसाठी

सायकियाट्रीत एमडी करून पुढे व्यसनोपचारात जायचंय, असं आपल्याकडचं कुणी म्हणालं की मला आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. नीट-पीजी, प्रवेशाचे राऊंड, जातीची व्हॅलिडिटी हे तुम्ही कोळून प्यायलेले आहात, ते उगाळत नाही. एवढंच ध्यानात ठेवा: एमडीपर्यंत एसटीचं आरक्षण आहे, राज्याच्या कोट्यात 7 टक्के, अखिल भारतीय कोट्यात 7.5. अॅडिक्शन सायकियाट्रीचं डीएम, म्हणजे एमडीनंतरची व्यसनोपचारातली सुपरस्पेशालिटी पदवी, मात्र दिल्लीचं एम्स, बंगळुरूचं निमहान्स, चंदीगडचं पीजीआय अशा मोजक्याच ठिकाणी होतं आणि सुपरस्पेशालिटीला आरक्षण नाही. तिथे सगळे एका रांगेत. घाबरू नका, पण एमडीच्या दुसऱ्या वर्षापासून वाचायला लागा.

आता खरं दुखणं. गोंडी, माडिया, कोरकू, पावरी, जी भाषा तुम्हाला येते तिच्यापायीच तुम्ही अडकणार. मी नागपुरात रेसिडेंट होते. गडचिरोलीहून रेफर झालेला पेशंट कुठल्याही वॉर्डात आला की फोन मला. सर्जरीत कन्सेंट समजावून सांग, मेडिसिनला हिस्ट्री काढून दे, गायनॅकला नातेवाइकांशी बोल. नाही म्हणवत नाही, कारण समोर आपलंच माणूस भेदरून बसलेलं असतं. तोवर ओपीडीतल्या केसेस बॅचमेट घेतात, त्यांचं लॉगबुक, म्हणजे पाहिलेल्या केसेसची नोंदवही, भरतं, आपलं पान कोरं. सेमिनारची तयारी राहते. मग वर्षअखेरीस ऐकायला मिळतं, 'कामाला वाघ आहे, पण अभ्यासात जरा कमी.' संशोधनातही तेच. पाड्यांवर फिरून मुलाखती घ्यायच्या तुम्ही, आणि पेपर छापून आला की तुमचं नाव लेखकांत नाही, शेवटच्या आभारांत.

यावर माझा एकच उपाय, आणि तो पहिल्या महिन्यापासून करा. फोन आला की नम्रपणे सांगा, 'सर, सायकियाट्रीचा रेफरन्स लिहून पाठवा, लगेच येते.' लेखी रेफरन्स आला की ती केस तुमची, नोट तुमची, लॉगबुकात नोंद तुमची. तोंडी बोलावण्यावर गेलात की तुम्ही फुकटचे दुभाषे. इमर्जन्सी असेल तर अर्थातच पळत जा, कागद नंतर. सुरुवातीला दोन-चार जण नाकं मुरडतील. मुरडू देत.

आणि केस तुमचीच असते हो, खरंच! पाय मोडून ऑर्थोत भरती झालेला एक गृहस्थ आठवतो. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामाने निथळला, भिंतीवर किडे दिसतात म्हणून सलाइन उपटून टाकली. फाइलवर लिहिलेलं, 'दारू: नाही.' गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. पांढऱ्या कोटातल्या माणसाने मराठीत 'दारू पिता का?' विचारल्यावर कोण हो म्हणेल? पोलीस केसची भीती असते. मी बायकोजवळ बसले, आधी गावाचं विचारलं, दारू गाळतात ती मोहाची फुलं यंदा कशी पडली ते विचारलं, मग रोजची किती आणि शेवटची कधी. तिने धडाधडा सांगितलं. डेलिरियम ट्रेमेन्स, दारू अचानक तुटल्याने होणारा जीवघेणा भ्रम. ग्लुकोज लावण्याआधी थायमिन हे जीवनसत्त्व, आणि शांत करायला, लिव्हर खराब म्हणून, लोराझेपाम. हे निदान भाषेमुळे झालं, पण ते केलं डॉक्टरने. नोट तशीच लिहा.

गाईड निवडताना माझं मत जरा कडू आहे. 'दारू तुमच्या तर संस्कृतीतच आहे' असं पहिल्याच भेटीत म्हणणाऱ्याकडे थिसिस करू नका. तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, ठेवून दारूवर व्याख्यान देणारेही असतात, त्यांना लांबूनच नमस्कार. शॉर्टकट म्हणून कुणी खासगी नशामुक्ती केंद्रात व्हिजिटची नोकरी देईल, पैसेही बरे असतात. पण पेशंटला कुलूप लावणाऱ्या जागी तुमची सही गेली तर निस्तरायची तुम्हालाच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, ते आधी बघा. त्यापेक्षा सुट्टी काढून पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात किंवा गडचिरोलीत 2016 पासून चाललेल्या मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेच्या कामात थोडे दिवस नुसते बसा. घरच्या माणसांशी कसं बोलायचं हे पुस्तकात नाही.

तुम्हाला जमेल. खरंच जमेल. फक्त गावी गेलात की एक होणार हे धरून चाला: रात्री काकू अंगणात येईल आणि म्हणेल, 'काकाची दारू सुटायची गोळी दे, भाजीत घालते, कळणार नाही त्याला.' ती गोळी म्हणजे डायसल्फिराम, आणि ते असं चोरून द्यायचं नसतं. वरून प्यायला तर बीपी कोसळतं, जिवावर बेततं. काकू रुसेल, आई पण दोन दिवस बोलणार नाही. तरी देऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावून द्या, आणि काका तयार झाला तर जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत त्याचा नंबर लावा, तुमच्याकडे नाही, दुसऱ्या डॉक्टरकडे.