रेड अलर्ट आलाय? मग घरातल्या खाण्यापिण्याच्या बाबतीत या चुका टाळा

मुसळधार पावसाच्या रेड अलर्टचा मेसेज आला की आमच्या नाक्यावरच्या बेकरीत अर्ध्या तासात पावाच्या लाद्या संपतात, दुधाच्या पिशव्या घरटी चार-चार जातात. मग लाईट गेली की दूध नासतं आणि त्या दमट हवेत पावाला लगेच बुरशी धरते. टिकत नाही तेच भरून ठेवायचं, ही पहिली चूक. त्यापेक्षा पोहे, कुरमुरे, भाजलेले चणे, शेंगदाणे, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, दूध पावडर ठेवा, आणि बेसन तर पाहिजेच, पिठलं दहा मिनिटांत होतं. रवा भाजूनच भरा.

दुसरी चूक आमच्याच घरात झालेली. २६ जुलै २००५, मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आम्ही कलिन्याला तळमजल्यावर, तांदूळ-डाळीचे डबे पलंगाखाली, सगळे बुडाले. पाणी ओसरल्यावर आई तांदूळ धुवून वाळवायला निघाली होती, वर्षाचा भरलेला होता ना, तिचा जीव तुटत होता. पण ते पाणी मिठी नदीचं आणि गटारांचं असतं, त्यात लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), कॉलरा, सगळंच आलं. भिजलेलं धान्य, पीठ, मसाले टाकाच. फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणी वरून घट्ट दिसते, पण झाकणातून पाणी शिरतं, तीही नको. म्हणून पावसाळाभर डबे माळ्यावर किंवा ओट्याच्या वरच्या फळीवर.

टॉवरवाल्यांना वाटतं आपण चौदाव्या मजल्यावर, आपल्याला काय होणार. मीटर रूममध्ये पाणी शिरलं की लाईट बंद, लाईट बंद तर पंप बंद, टाकी संपली की नळ कोरडा, आणि आरओ पण चालत नाही. अलर्ट आला की लगेच पाणी भरा, माणशी दिवसाला चार लिटर धरा, निदान तीन दिवसांचं. गढूळ आलं तर आधी फडक्यातून गाळा, मग खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळवा.

फ्रिजचं मात्र नीट ऐका, कारण पूर ओसरल्यावर पोटं इथेच बिघडतात. लाईट गेल्यावर सारखं दार उघडून बघू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत. त्यानंतर मासे, मटण, दूध, शिजवलेल्या भाज्या टाकायच्या, वासावर जाऊ नका, वास येत नसला तरी जंतू असतात. आणि कालचा भात! तासन्‌तास बाहेर राहिलेला भात फोडणी देऊन खायची आपली सवय, पण भातात बॅसिलस सेरेयस नावाचा जंतू वाढतो, त्याचं उलटी करवणारं विष तापवून जात नाही, कितीही परता. अशा दिवसांत भात एका वेळेपुरताच लावा.

इंडक्शनच्या भरवशावर राहू नका, गॅसची शेगडी लागेलच, आणि काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, सादळली की पेटत नाही.

एवढं करूनही कुणाला जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा, चहाचा, आणि घोट-घोट पाजत राहा. लहान बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर पाणी ओसरायची वाट बघू नका, मुंबई महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनला फोन लावा.